जळके तेल कढईतून ट्रकच्या टाकीत

संध्याकाळची भजी, वडे, समोसे तळून झाले की कढईच्या तळाशी काळपट, दाट तेल उरते. हॉटेल मोठे असो की चौकातली हातगाडी, या उरलेल्या तेलाचे काय करायचे हा प्रश्न रोजचाच. बऱ्याच ठिकाणी उत्तर ठरलेले असते. दुसऱ्या दिवशी त्यातच थोडे ताजे तेल ओतायचे आणि पुन्हा गॅस पेटवायचा. काही मोठ्या स्वयंपाकघरांतून निघालेले जळके तेल डब्यांत भरून स्वस्तात विकले जाते आणि कुठल्या तरी छोट्या कढईत पुन्हा उकळू लागते.

हेच तेल डिझेलच्या ट्रकमध्ये जाळता आले तर? डिझेलचे भाव वाढले की हा प्रश्न हमखास निघतो. कुणी तरी टाकीत खाद्यतेल ओतून गाडी चालवल्याचा व्हिडिओ पाहिलेला असतो, कुणाला हायवेवर स्वस्त ‘बायोडिझेल’ मिळाल्याचे कानावर आलेले असते. प्रश्नाचे उत्तर ‘हो, चालतो’ असेच आहे. पण त्या ‘हो’ला काही अटी आहेत. त्या पाळल्या तर ट्रकचा धूर कमी होतो आणि आपल्या पोटात जाणारे एक विषही कमी होते. न पाळल्या तर लाखो रुपयांचे इंजिन कामातून जाते. म्हणून हा विषय इंजिन आणि आरोग्य अशा दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला हवा.

शेंगदाणा तेलावर चाललेले इंजिन

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखा ठिणगी टाकणारा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या हिश्श्याएवढी दाबली जाते. त्या दाबानेच ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. या तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. त्यामुळे नीट फवारता येणारे आणि गरम हवेत पेट घेणारे इंधन असेल, तर हे इंजिन फारशी तक्रार करत नाही.

हे इंजिन बनवणाऱ्या रुडॉल्फ डिझेल यांनाही ते ठाऊक होते. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग भरपूर पिकतो याचे आकर्षण होते. इंजिन पेट्रोलियम तेलासाठी बनवलेले होते आणि त्यात काहीही बदल केलेला नव्हता. १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो, तेव्हा १८९३ साली त्या दिवशी डिझेल यांचे इंजिन शेंगदाणा तेलावर चालले असे बरेचदा सांगितले जाते. शेंगदाणा तेलाचा प्रयोग प्रत्यक्षात त्यानंतर सात वर्षांनी झाला. १९१२ साली डिझेल यांनी असेही मत मांडले होते, की वनस्पती तेलांचा इंधन म्हणून उपयोग आज किरकोळ वाटला तरी पुढे त्यांना खनिज तेलाइतके महत्त्व येऊ शकेल.

पुढे खनिज डिझेल स्वस्त आणि मुबलक झाले, इंजिने त्याच्याच मापाने घडत गेली आणि तेलबियांचा विचार मागे पडला.

थेट तेल ओतले तर काय बिघडते

मग आज ट्रकच्या टाकीत सरळ सोयाबीन किंवा पाम तेल का ओतू नये? मुख्य अडचण आहे दाटपणाची. ४० अंश तापमानाला खाद्यतेल डिझेलपेक्षा दहापट, कधी त्याहूनही दाट असते. आजच्या ट्रकमधला इंजेक्टर वातावरणाच्या दाबाच्या दीड ते दोन हजार पट दाबाने इंधन सोडतो. त्याच्या नोझलची भोके केसासारखी बारीक असतात. दाट तेलाचा तिथे धुक्यासारखा फवारा होत नाही, जाडसर थेंब पडतात. ते पुरते जळत नाहीत. अर्धवट जळालेल्या तेलाची काजळी नोझलच्या टोकावर, पिस्टनच्या रिंगांवर आणि व्हॉल्व्हवर चढत जाते. न जळालेले काही तेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते. तिथे ते उष्णतेने घट्ट होऊ लागते आणि काही काळाने इंजिन ऑइलचा चिकट लगदा होतो.

यात फसवे असे, की पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. गाडी सुरू होते, ओढते, धुराला तळणाचा वास येतो आणि मालकाला वाटते आपण जिंकलो. बिघाड पुढे काही शे तास इंजिन चालल्यावर दिसू लागतो. अ‍ॅव्हरेज उतरते, काळा धूर वाढतो, सकाळी गाडी सुरू व्हायला त्रास देते आणि शेवटी मिस्त्री इंजिन उघडायला सांगतो. १९७०च्या दशकातल्या तेल टंचाईनंतर अमेरिकेसह अनेक देशांत यावर सविस्तर चाचण्या झाल्या. १९८२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटा राज्यातील फार्गो शहरात फक्त याच विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या काळातल्या चाचण्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. थोड्या वेळापुरते कच्चे तेल चालते, पण दीर्घ काळ वापरले तर ते इंजिन खाते.

काही हौशी लोक इंजिनाच्या उष्णतेने तेल तापवणारी वेगळी टाकी बसवतात. गाडी सुरू करताना आणि बंद करण्यापूर्वी डिझेल वापरतात, मधल्या प्रवासात गरम तेल. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनात ही युक्ती बऱ्यापैकी चालते. पण रोज माल वाहणाऱ्या आणि संगणकाने इंजेक्शन ठरवणाऱ्या नव्या ट्रकसाठी हा मार्ग नाही.

तेलाचे बायोडिझेल होते तेव्हा

उपाय इंजिन बदलण्यात नसून तेल बदलण्यात आहे. तेलाच्या रेणूची रचना सोप्या शब्दांत सांगायची तर ग्लिसरीनचा एक लहान दांडा आणि त्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब शेपट्या. या बोजड रचनेमुळेच तेल दाट असते. तेलात मिथेनॉल आणि थोडे कॉस्टिक सोड्यासारखे अल्कली घालून ते साधारण ६० अंशांपर्यंत गरम केले, की तिन्ही शेपट्या दांड्यापासून सुटतात आणि प्रत्येक शेपटी मिथेनॉलशी जोडली जाते. जड ग्लिसरीन तळाशी बसते. वर राहतो तो पातळ, पिवळसर द्रव म्हणजे बायोडिझेल. ढोबळ हिशेबाने १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल यांतून १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते.

ही युक्तीही जुनीच आहे. १९३७ साली बेल्जियममध्ये शावान या शास्त्रज्ञांना अशा प्रक्रियेचे पेटंट मिळाले आणि १९३८ साली ब्रसेल्स ते लूव्हां या मार्गावर पाम तेलापासून बनवलेल्या अशा इंधनावर प्रवासी बस चालवली गेली.

जळके तेल वापरायचे तर काम वाढते. पुन्हा पुन्हा तापल्यामुळे त्यातली काही मेदाम्ले आधीच सुटी झालेली असतात, पदार्थातले पाणी त्यात मुरलेले असते आणि अन्नाचे कण असतात. अशा तेलात थेट अल्कली घातले तर बायोडिझेलऐवजी साबण तयार होतो. म्हणून तेल आधी गाळावे लागते, त्यातले पाणी काढावे लागते आणि आम्ल वापरून एक जादा प्रक्रिया करावी लागते. हे सगळे कारखान्यात, तपासणीखाली करायचे काम आहे. घरी किंवा गॅरेजमध्ये करून पाहण्याचा मोह टाळावा. मिथेनॉल झटकन पेट घेते, त्याची ज्योत उजेडात दिसतही नाही आणि ते पोटात गेले तर दृष्टी किंवा जीवही जाऊ शकतो.

तयार बायोडिझेलचा दाटपणा डिझेलच्या जवळपास येतो. वंगण म्हणून त्याचा गुण डिझेलपेक्षा सरस असतो. त्यात गंधक जवळजवळ नसते आणि ते पेट घेण्याचे किमान तापमान १०० अंशांच्या वर असल्याने साठवायला ते डिझेलपेक्षा सुरक्षित असते. उणी बाजू अशी, की त्यातली ऊर्जा दर लिटरमागे सुमारे आठ टक्के कमी असते. शुद्ध बायोडिझेलवर अ‍ॅव्हरेज तेवढे घटते. २० टक्के मिश्रणात मात्र घट एक-दोन टक्क्यांचीच असते. ती वाहनचालकाच्या लक्षातही येणार नाही.

किती मिसळायचे

मिश्रणाची भाषा सोपी आहे. ‘बी-५’ म्हणजे ५ टक्के बायोडिझेल आणि ९५ टक्के डिझेल, ‘बी-२०’ म्हणजे २० टक्के, ‘बी-१००’ म्हणजे निव्वळ बायोडिझेल. भारतीय मानक ब्युरोच्या डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळण्यास मुभा आहे. एवढ्या मिश्रणासाठी इंजिनात काहीही बदलावे लागत नाही. त्यापुढे जायचे असेल तर वाहन कंपनीच्या पुस्तिकेत किती टक्क्यांपर्यंत परवानगी आहे ते पाहायलाच हवे. नाही तर बिघाड झाल्यावर वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

जास्त प्रमाणात बायोडिझेल वापरताना काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. ते चांगले विद्रावक असल्याने जुन्या टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवते आणि तो सगळा फिल्टरमध्ये येतो. म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा लागतो. जुन्या गाड्यांतल्या नैसर्गिक रबराच्या नळ्या आणि सील त्यामुळे फुगतात, मऊ पडतात. बायोडिझेल हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी दीर्घकाळ उभी ठेवली तर तळाशी पाणी साचून जंतूंचा शेवाळासारखा थर वाढतो. पाम तेलापासूनचे निव्वळ बायोडिझेल साधारण १५ अंशांच्या आसपास गढूळ व्हायला लागते. नाशिक किंवा विदर्भातल्या डिसेंबरच्या पहाटे पारा त्याच्या बराच खाली जातो. पाच-सात टक्के मिश्रणात ही अडचण सहसा येत नाही, निव्वळ बायोडिझेल भरले तर येऊ शकते.

नव्या, बीएस-६ ट्रकमध्ये आणखी एक मुद्दा आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळण्यासाठी काही इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जादा इंधन सोडले जाते. बायोडिझेल डिझेलपेक्षा सावकाश वाफ होत असल्याने त्यातला काही भाग भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरतो आणि ऑइल पातळ होते. नव्या गाड्यांचे उत्पादक मिश्रणाच्या मर्यादेबाबत काटेकोर असण्याचे हे एक कारण.

धुराचा हिशेब

डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. चालक, क्लीनर, वाहतूक पोलीस, टोलनाक्यावरचे कर्मचारी, रस्त्याकडेचे विक्रेते हा धूर रोज अनेक तास श्वासातून घेतात.

बायोडिझेलने यात किती फरक पडतो? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून उत्तर दिले. सोयाबीनपासूनचे बायोडिझेल २० टक्के मिसळले तर जड वाहनांच्या धुरातले सूक्ष्म कण सुमारे १० टक्क्यांनी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी आणि न जळालेले हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी घटले. निव्वळ बायोडिझेल वापरल्यास कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ निम्म्यावर आले. कारण बायोडिझेलच्या रेणूतच थोडा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ज्वलन अधिक पुरते होते.

एका बाबतीत मात्र हिशेब उलटा पडला. नायट्रोजनची ऑक्साइडे २० टक्के मिश्रणात २ टक्क्यांनी आणि निव्वळ बायोडिझेलमध्ये १० टक्क्यांनी वाढली. हे वायू फुप्फुसांना त्रास देतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन तयार होतो.

या चाचण्या जुन्या धाटणीच्या इंजिनांवर झाल्या होत्या, हेही ध्यानात ठेवायला हवे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ नियम लागू झाले. नव्या ट्रकमधला काजळीचा फिल्टर बहुतेक कण अडवतो आणि चालक ज्याला नुसते ‘युरिया’ म्हणतात ते द्रावण नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा बंदोबस्त करते. त्यामुळे नव्या ट्रकच्या धुरात बायोडिझेलने पडणारा फरक थोडाच. खरा फायदा जुने ट्रक, डिझेल जनरेटर, ट्रॅक्टर आणि मासेमारीच्या होड्या यांच्या धुरात दिसेल. नव्या ट्रकच्या बाबतीत फायदा आहे तो हवामानाचा. युरोपीय संघाच्या नियमांत वापरलेल्या खाद्यतेलापासून बनवलेल्या बायोडिझेलमुळे हरितगृह वायूंची बचत ८० टक्क्यांहून अधिक धरली जाते. कारण ते तेल पिकवण्याचा खर्च निसर्गाने आधीच, आपल्या जेवणासाठी, सोसलेला असतो.

तेल आणायचे कुठून

आता खरा प्रश्न. भारतात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल लागते, म्हणजे दहा हजार कोटी लिटरहून अधिक. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी वर्षाला ५०० कोटी लिटरहून अधिक बायोडिझेल हवे. प्रत्यक्षातले मिश्रण अजून एक टक्क्याच्याही खाली आहे.

ताजे खाद्यतेल यासाठी वापरणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण आयात करतो. इंडोनेशियाने डिझेलमध्ये २०२० पासून ३० टक्के आणि २०२५ पासून ४० टक्के पाम बायोडिझेल मिसळायला सुरुवात केली, कारण पाम तेलाचा तो जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे. तिथेही पामच्या लागवडीसाठी तोडलेल्या वर्षावनांचा प्रश्न उभाच आहे.

न खाण्याजोग्या तेलबियांचा प्रयोग आपण मोठ्या गाजावाजाने करून पाहिला. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेलवर चालवली गेली. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाच्या, म्हणजे जट्रोफाच्या, लागवडीतून २०११-१२ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे स्वप्न मांडले. पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय येणारे आणि जनावरे तोंड न लावणारे हे झाड म्हणजे जणू वरदान, असा प्रचार झाला. महाराष्ट्रातही अनेकांनी ते लावले. पण पडीक जमिनीवर झाड जगते, भरपूर बिया देत नाही. चांगल्या उत्पन्नासाठी त्यालाही पाणी आणि खत लागतेच. फळे एकाच वेळी पिकत नसल्याने वेचणीची मजुरी वाढते. बिया आणि पेंड विषारी असल्याने जोडउत्पन्नही नाही. ते स्वप्न विरले. करंज, मोह, कोकणातली उंडी यांची तेले बायोडिझेलसाठी चांगली आहेत, पण बिया विखुरलेल्या असतात आणि गोळा करणे महाग पडते.

राहता राहिले जळके तेल. ते रोज तयार होते, त्यासाठी वेगळी जमीन लागत नाही आणि ते पुन्हा न वापरण्यातच आपले हित आहे.

कढईत राहिले तर

तेल पुन्हा पुन्हा तापले की हवा, पाणी आणि उष्णता यांच्यामुळे त्याचे रेणू तुटतात, आपसांत जोडले जातात आणि नवे पदार्थ बनतात. त्यांना एकत्रितपणे ‘एकूण ध्रुवीय घटक’ म्हणतात. ताज्या तेलात ते थोडेच असतात, तळणागणिक वाढत जातात. अशा तेलाचा संबंध उच्च रक्तदाब, रक्तवाहिन्या कठीण होणे आणि यकृताचे विकार यांच्याशी जोडला जातो. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे ‘एफएसएसएआय’ने, ही मर्यादा २५ टक्के ठरवली. १ जुलै २०१८ पासून त्याहून अधिक ध्रुवीय घटक असलेले तेल खाण्याच्या पदार्थांसाठी वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्या व्यवसायांना तेलाच्या वापराची आणि विल्हेवाटीची नोंद ठेवावी लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये प्राधिकरणाने जळके तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव ‘रुको’ असे होते, आणि ते हिंदीत वाचले तरी अर्थ नेमका लागतो.

१० ऑगस्ट २०१९ रोजी सरकारी तेल कंपन्यांनी १०० शहरांतून जळक्या तेलाचे बायोडिझेल विकत घेण्याची योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये भावाची हमी होती. त्या वेळी सरकारने मांडलेला हिशेब असा: देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरले जाते. हॉटेल, उपाहारगृहे, कॅन्टीन अशा मोठ्या ग्राहकांकडून त्यातले १४० कोटी लिटर जळके तेल गोळा होऊ शकते आणि त्यातून ११० कोटी लिटर बायोडिझेल मिळेल.

हा आकडा नीट पाहू. देशाच्या डिझेलच्या गरजेपुढे ११० कोटी लिटर म्हणजे जेमतेम एक टक्का. जळक्या तेलाने देशाची खनिज तेलाची आयात थांबेल, असे कुणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर याच आकड्याचा अर्थ बदलतो. १४० कोटी लिटर जळके तेल गटारात किंवा पोटात न जाता जळून जाणे ही आरोग्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट आहे. इंधन हा त्यातला जोडलाभ म्हणावा लागेल.

एका ट्रकचा हिशेब करून पाहा. नागपूरहून निघणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. लिटरला चार किलोमीटर चालणाऱ्या ट्रकला तो पार करायला सुमारे १७५ लिटर डिझेल लागेल. त्यात ७ टक्के बायोडिझेल मिसळलेले असेल तर ते झाले साधारण १२ लिटर. त्यासाठी जळके तेल लागेल १५-१६ लिटर, म्हणजे आपल्या ओळखीचा पंधरा किलोचा एक डबा. एका फेरीमागे एक डबा तेल कढईतून कायमचे बाहेर.

अडते कुठे

अडचण पैशाची आहे. जळक्या तेलाला दोन गिऱ्हाईके असतात. एक बायोडिझेलचा कारखाना आणि दुसरा ते गाळून, रंग उतरवून पुन्हा खाण्यासाठी विकणारा. ताजे तेल महाग झाले, की दुसऱ्याला अधिक भाव देणे परवडते. कारखान्याला मात्र त्याच तेलावर प्रक्रियेचा खर्च करून डिझेलच्या भावाशी स्पर्धा करावी लागते. म्हणून नुसता कायदा पुरत नाही. जळके तेल कुणाला विकले याची नोंद तपासली गेली पाहिजे आणि बायोडिझेलला टिकाऊ भाव मिळाला पाहिजे.

दुसरी अडचण विश्वासाची. गुजरात आणि महाराष्ट्रात हायवेलगत ‘बायोडिझेल’च्या नावाखाली भलतेच काही विकणाऱ्या ठिकाणांवर छापे पडले आहेत. औद्योगिक वापराची खनिज तेले किंवा त्यांची भेसळ तिथे बायोडिझेल म्हणून खपवली जाते. असे द्रव कमी तापमानालाच पेट घेऊ शकतात, त्यांत गंधक अधिक असू शकते आणि ते बीएस-६ इंजिनातली धूर शुद्ध करणारी यंत्रणा निकामी करू शकतात.

अस्सल बायोडिझेलही निकृष्ट असले तर काय होते, याचा धडा अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने घेतला आहे. सप्टेंबर २००५ मध्ये तिथे सर्व डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल मिसळणे बंधनकारक झाले. त्याच हिवाळ्यात ट्रकचे फिल्टर तुंबू लागले. काही बायोडिझेलमध्ये ग्लिसरीनचा अंश नीट काढलेला नव्हता. राज्याला डिसेंबरमध्ये काही काळ नियम स्थगित करावा लागला. तिथल्या सरकारने योजना गुंडाळली नाही, गुणवत्तेची तपासणी कडक केली. २०१८ पासून त्याच राज्यात उन्हाळ्याच्या महिन्यांत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल असते आणि हिवाळ्यात प्रमाण ५ टक्क्यांवर आणले जाते. भारतात निव्वळ बायोडिझेलसाठी ‘आयएस १५६०७’ हे मानक आहे. प्रश्न त्याच्या अंमलबजावणीचा आहे.

आपण काय करू शकतो

ट्रकमालकांनी टाकीत खाद्यतेल किंवा जळके तेल थेट ओतू नये, पाच-दहा टक्केही नाही. बायोडिझेल घ्यायचे असेल तर परवानाधारक पंपावरूनच घ्यावे आणि पक्के बिल मागावे. बिल द्यायला टाळाटाळ होत असेल किंवा भाव संशय यावा इतका कमी असेल, तर ते बायोडिझेल नाही असे समजून पुढे जावे. जुनी गाडी असेल तर सुरुवातीला जादा फिल्टर सोबत ठेवावा, टाकीतले पाणी वेळोवेळी काढावे आणि इंजिन ऑइल वेळेआधी पाहावे.

हॉटेल, मेस, फरसाणवाले आणि केटरर यांनी जळके तेल प्राधिकरणाकडे नोंदणी असलेल्या संकलकालाच द्यावे. अनोळखी माणूस दोन रुपये जास्त देतो तेव्हा ते तेल पुन्हा कुणाच्या तरी ताटात जाणार असते. बऱ्याचदा ते ताट शाळकरी मुलाचे किंवा मजुराचे असते.

घरच्या स्वयंपाकघरात प्रमाण लहान असते, पण नियम तेच. शक्यतो तळलेले तेल पुन्हा तळायला वापरू नये. वापरलेच तर गाळून घ्यावे आणि तीनपेक्षा जास्त वेळा तापवू नये, असा प्राधिकरणाचा सल्ला आहे. रंग गडद झाला, फेस येऊ लागला, तापवताना डोळ्यांना झोंबणारा धूर आला की ते तेल संपले असे समजावे. ते बेसिनमध्ये ओतू नये. थंड झाल्यावर नळीतच थिजून ते सांडपाण्याची वाट अडवते. बाटलीत साठवावे. एका घराच्या बाटलीसाठी संकलक येणार नाही, पण शंभर घरांची सोसायटी मिळून महिन्याला एखादा डबा सहज भरू शकते. दिवाळीच्या फराळानंतर तर नक्कीच. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत ओला कचरा आणि सुका कचरा यांच्या जोडीला तेलाचा एक डबा ठेवण्याचा विषय घ्यायला हरकत नाही.